चोन (फाइलचा मालक बदलणारी आज्ञा) चालवण्याआधी हात धरलात, त्याबद्दल

विश्रामबाग, सांगली

दादा, सप्रेम नमस्कार.

आर्च लिनक्स अपग्रेड करताना पॅकमॅननं, म्हणजे तिथं प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनानं, ‘डिरेक्टरी ओनरशिप डिफर्स’ (डिरेक्टरीची मालकी जुळत नाही) म्हणून बजावलं, तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तुम्ही साताऱ्याहून फोनवर समजावलंत. आभार फोनवरच मानता आले असते. पण सांगली-मिरजेत हीच ओळ बघून घाबरणारे आणखी असणार, म्हणून हे उघड पत्र.

पॅकेज (प्रोग्रॅम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा) पहिल्यांदा बसतं तेव्हा पॅकमॅन त्यातल्या मालकीप्रमाणे डिरेक्टरी तयार करतो. ती आधीपासून असेल तर मात्र तिला हात लावत नाही, नुसता फरक सांगतो. म्हणून हा इशारा जुन्या मशीनवर येतो, नव्यावर नाही.

तुम्ही घेतलेलं उदाहरण अजून फळ्यावर आहे. ‘/एटसी/पोलकिट-१/रूल्स.डी’ आणि खाली ‘फाइलसिस्टिम १०२:०, पॅकेज ०:१०२’. आधी मालक, मग गट. ० म्हणजे रूट, मशीनचा सर्वाधिकारी. १०२ म्हणजे पोलकिटडी, कुणाला काय करू द्यायचं ते नियमांवरून ठरवणाऱ्या पोलकिट सेवेचा युजर आणि त्याच नावाचा गट. डिस्कवर मालक पोलकिटडी आहे, पॅकेजाला मालक रूट आणि गट पोलकिटडी हवाय. सोबत परवानगी ७५०: मालकाला सगळं, गटाला फक्त वाचणं, इतरांना काहीच नाही. कारण सरळ आहे: ज्या सेवेनं नियम वाचायचे, तिला ते बदलता येऊ नयेत. इथं पॅकेजाचं ऐकायचं.

खरी मेख आकड्यांत आहे. पॅकमॅन आकडे ताडून बघतो, नावं नाही. जुन्या मशीनवर पोलकिटडीला १०२ ऐवजी ९७१ मिळालेला असू शकतो. तिथं डोळे झाकून ०:१०२ दिलं, तर डिरेक्टरी भलत्याच गटाच्या किंवा कुणाच्याच नसलेल्या नंबरच्या नावावर जाते. म्हणून आधी गेटएंटनं (युजर-गटांच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) १०२ कुणाचा ते बघायचं, आणि चोनला नावं द्यायची: रूट:पोलकिटडी. मग आकडे जुळत नाहीत म्हणून इशारा पुढच्या अपग्रेडलाही येईल. येऊ दे. युजरच नसेल, तर आधी सेवांचे युजर तयार करणारं सिस्टिमडी-सिसयूजर्स चालवायचं.

आणि तो मोठा आर! ‘/यूएसआर’वर चोन त्यानं रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींसकट, चालवलं की मालक रूटचा रूटच राहिला तरी कर्नल प्रोग्रॅमांचा सेटयूआयडी बिट (कुणीही चालवला तरी प्रोग्रॅम मालकाच्या अधिकारानं चालू देणारी खूण) काढून टाकतो. मग साध्या युजरला रूटचं काम करू देणारा सुडोच सुडो राहत नाही, आणि दुरुस्तीला सुडो लागतो! रूटनं थेट लॉगिन करून सुडोला ४७५५ परवानगी (त्यातला ४ म्हणजे तो बिट) देता येते, पण त्या बिटावर चालणारे प्रोग्रॅम आणखीही असतात. त्यापेक्षा ज्या डिरेक्टरीचं नाव ओळीत आहे, तेवढीच बदलायची.

‘/एसआरव्ही/एचटीटीपी’ आपणच मुद्दाम वेबसाइटवाल्या गटाला दिली असेल, तर ती तशीच ठेवायची. डिरेक्टरी कुठल्या पॅकेजाची हे पॅकमॅनला मोठा क्यू, छोटा ओ देऊन कळतं. मोठा क्यू आणि दोन के दिले की त्या पॅकेजातले मालकी-परवानगीचे फरक समोर येतात. स्क्रीनवरून ओळ निसटली तरी ‘/व्हार/लॉग/पॅकमॅन.लॉग’मध्ये ती असते.

कंदी पेढ्यांच्या गावाला पेढे काय पाठवायचे! भडंग पाठवतोय, तिखट आहे.

आपली,
मशीन सांभाळणारी मंडळी