बाबांनी विचारलं होतं, औषध कधी येणार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

केमो चालू असताना मावशीने डाळ, अंडी, दूध सगळं बंद केल्याचं आईकडून कळलं. प्रोटीनने कॅन्सर वाढतो असं कुणीतरी तिच्या मनात भरवलंय, आणि मी कॅन्सरमधल्या प्रोटीनवर काम करते म्हणून तिला ते खरं वाटलं. आई, तिला आजच फोन करून हे सगळं पुन्हा सुरू करायला लाव. जेवणातलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटतं, त्याची अमिनो आम्लं होतात. डाळीतलं प्रोटीन जसंच्या तसं गाठीत जाऊन बसत नाही. केमो चालू असताना स्नायू झिजतात. तेव्हा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन पोटात जावं असं सांगतात, म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज येईल. किडनीचा त्रास असेल तर मात्र आकडा तिच्या डॉक्टरांनाच विचारायचा.

मी ज्याच्या मागे आहे ते प्रोटीन पेशी स्वतःच बनवते. त्याचं नाव पी-53. 393 अमिनो आम्लांची साखळी, 1979 मध्ये सापडलेली. डीएनएला इजा झाली की पी-53 पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचा जनुक बिघडलेला असतो. गंमत म्हणजे पहिली दहा वर्षं जग उलटंच समजत होतं, की पी-53 मुळेच कॅन्सर होतो. कारण प्रयोगशाळांत जनुकाच्या ज्या प्रती वापरल्या जात होत्या त्याच बिघडलेल्या होत्या. 1989 मध्ये ते उलगडलं.

बाबा, दिवसभर नक्की काय करतेस असं तुम्ही विचारता. सगळ्यात जास्त वेळ वेस्टर्न ब्लॉटमध्ये जातो, म्हणजे पेशीत एखादं प्रोटीन आहे का आणि किती, ते बघण्याच्या चाचणीत. पेशी बर्फावर ठेवून फोडायच्या. त्या द्रावात प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स, रोखणारी रसायनं घालायची, नाहीतर पेशीतलीच ही एन्झाइम्स आपलं प्रोटीन खाऊन टाकतात. मग 4 अंशांवर सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं, त्यात प्रोटीन किती आहे ते मोजायचं आणि जेलच्या प्रत्येक खाचेत सारखंच, 20 ते 30 मायक्रोग्रॅम, भरायचं. त्याआधी 95 अंशांवर पाच मिनिटं उकळून साखळी सरळ करायची. मग जेलमधून वीज सोडायची. जेल चाळणीसारखं काम करतं: लहान प्रोटीन पुढे पळतात, मोठी मागे राहतात. पी-53 चं खरं वजन 43.7 किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), पण ते जेलवर 53 च्या जागी थांबतं. त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने त्याची चाल मंद होते, आणि त्याला नावही त्या चुकीच्या आकड्यावरूनच पडलं.

जेलमधलं प्रोटीन मग पडद्यावर उतरवायचं. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा पडदा आधी मिथेनॉलमध्ये बुडवला नाही तर तो ओलाच होत नाही. जेल आणि पडद्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे पांढरा गोल डाग पडतो. दोन्हींचा क्रम उलटा लागला तर सगळं प्रोटीन पडद्यावर न जाता बफरमध्ये निघून जातं आणि दोन दिवसांचं काम वाया. पडद्याच्या रिकाम्या जागा भरायला साय काढलेल्या दुधाची पावडर, 5 टक्के, तासभर. पण पी-53 वर फॉस्फेट लागलंय का ते बघायचं असेल तर दूध शक्यतो टाळायचं; दुधातल्या केसीनवरच भरपूर फॉस्फेट असतं, त्याने पडदा काळवंडू शकतो. मग पी-53 ला चिकटणारी अँटिबॉडी रात्रभर 4 अंशांवर, सकाळी धुणं, पहिलीला चिकटणारी, एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी तासभर, पुन्हा धुणं, आणि शेवटी कॅमेऱ्यात बँड, म्हणजे प्रोटीन असेल तिथे पट्टी. धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड गेलं तर दुसऱ्या अँटिबॉडीवरचं एन्झाइम बंद पडतं आणि पडदा कोरा येतो. नव्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं.

खरी कसोटी इथून पुढे. निरोगी पेशीत पी-53 बनतं आणि वीसेक मिनिटांत निम्मं संपतंही, कारण एमडीएम-2 नावाचं प्रोटीन त्याला सतत मोडीत काढतं. म्हणून बँड फिकट दिसतो. बिघडलेलं पी-53 बहुतेक वेळा मोडलं जात नाही, ते साचतं, आणि बँड गडद काळा येतो. न जाणणाऱ्याला वाटेल की पी-53 भरपूर आहे, पेशी सुरक्षित आहे. नेमकं उलट असतं. बहुतेक अँटिबॉडींना साबूत आणि बिघडलेलं प्रोटीन सारखंच दिसतं. म्हणून डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध देऊन डीएनएला मुद्दाम इजा करायची आणि साबूत पी-53 जे वाढवतं ते पी-21 हे दुसरं प्रोटीन वाढतं का ते पाहायचं. लॅबमध्ये वाढवलेल्या एमसीएफ-7 या कॅन्सर पेशींत पी-53 साबूत आहे, तिथे पी-21 वाढतं. एमडीए-एमबी-231 मध्ये ते बिघडलेलं आहे: पी-53 चा बँड काळाकुट्ट, पण पी-21 जवळजवळ हलत नाही. साओस-2 मध्ये पी-53 नाहीच, तिथे त्याचा बँड दिसला तर अँटिबॉडीवर संशय घ्यायचा. या तिन्ही पेशी शेजारी-शेजारी चालवल्याशिवाय मी कुणाचा ब्लॉट मानत नाही.

बाबा, पी-53 वरचं औषध कधी येणार असं तुम्ही विचारलं होतं; ते लांबतं त्याचं मूळही इथेच आहे. काही स्तनांच्या कॅन्सरमधलं हर-2 किंवा एका रक्ताच्या कॅन्सरमधलं बीसीआर-एबीएल ही प्रोटीन अति काम करतात. त्यांना अडवलं की झालं. म्हणून 1998 मध्ये हर-2 वरचं ट्रास्टुझुमॅब आणि 2001 मध्ये बीसीआर-एबीएलवरचं इमॅटिनिब ही औषधं आली. पी-53 अडवायचं नाही, दुरुस्त करायचं आहे, आणि मोडलेलं प्रोटीन पुन्हा घडीत बसवणारा रेणू शोधणं फार अवघड. बिघाडही एक नाही. साखळीतल्या 248 किंवा 273 क्रमांकाच्या जागी बदल झाला तर डीएनएला धरणारी पकडच जाते. 175 ला बदल झाला तर झिंक निसटतं आणि घडी विस्कटते. 220 ला पृष्ठभागावर एक खाच पडते. त्या खाचेत बसणाऱ्या रेणूची माणसांवर चाचणी चालू आहे. एप्रेनेटापॉप्ट या पी-53 दुरुस्त करू पाहणाऱ्या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, पण 2020 च्या अखेरीस त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ठरलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. म्हणून औषधाची नेमकी तारीख देणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा.

आता नोकरीबद्दल, ज्याची तुम्हाला जास्त काळजी. एमएस्सीनंतर नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते, महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. दोन वर्षांनी तिचीच वरची पायरी एसआरएफ, 42,000. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, आणि कायम जागा अनेकांना पस्तिशी गाठेपर्यंत मिळत नाही. प्रोजेक्टचा निधी ठरावीक वर्षांचा, त्यामुळे पगार थांबण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. तरी या कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. परळला डॉ. खानोलकरांनी कॅन्सर संशोधनाची संस्था उभी केली आणि पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथे टिशू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा सुरू केली. आज आम्ही ज्या पद्धतीने पेशी वाढवतो ती इथे तेव्हापासून रुजली आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

पेशींना सुट्टी नसते. फ्लास्कचा 80 टक्के तळ भरला की त्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवायच्या, नाहीतर गर्दीने त्यांचं वागणं बदलतं. म्हणून रविवारी दुपारी मी लॅबमध्ये असते, हातात ग्लोव्हज असतात आणि फोन बाहेरच्या कपाटात. संध्याकाळी सातनंतर करा. आणि आईचा बीपीचा रिपोर्ट फोटो काढून पाठवा.

तुमची
लेक