आईचा अंगठा उठला नाही

पुणे,
23 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-दादांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुराच्या अनुदानाच्या केवायसीचं विचारलं तर काल फोनवर आई एवढंच म्हणाली, "अंगठा उठंना बाई, परत आले." आणि दादा, तुम्ही मागून म्हणालात, "राहू दे, सरकारच्या पैशानं कुठं घर चालतंय?" रात्रभर तेच डोक्यात होतं.

आई, मशीनवर अंगठा उठला नाही यात तुझं काय चुकलं? चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या, कापूस वेचलेल्या हाताच्या रेषा झिजणारच. तू केंद्रातून ओशाळून घरी आलीस, त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. दादांची फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, निघालेली होती, म्हणून त्यांचं अनुदान केवायसीशिवाय जमा झालं. तुझ्या नावचा दोन एकरांचा गट वेगळा, आणि तुझी आयडी काढायची राहिली. दिवाळीला आले होते तेव्हाच मी ते करायला हवं होतं. तुझ्या आधारला माझा नंबर जोडलेला आहे. बुधवारी अकरा वाजता जा, यादीतला तुझा विशिष्ट क्रमांक दाखव आणि ओटीपीवर करा म्हण. मी फोन घेऊन बसते, ओटीपी आला की लगेच सांगते.

दादा, कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि रब्बीच्या बी-खतासाठी वेगळे 10,000 रुपये. आईच्या दोन एकरांना, म्हणजे 80 आरला, 6,800 आणि 8,000 होतात. सोयाबीनचा बी, फवारणी, मजुरीचा खर्चसुद्धा त्यात निघत नाही, हे मला कळतं. पण 33 टक्क्यांच्या वर नुकसान झालं, चिखल तुडवत पंचनामा झाला, मग हे पैसे आपल्या हक्काचे आहेत. ते कर्जात वळते करू नयेत, असं सरकारनंच बँकांना बजावलेलं असतं. बँकेत कुणी खात्यावर होल्ड लावून पैसे अडवले तर मुकाट्यानं परत येऊ नका, मला तिथूनच फोन लावा.

अजून एक. मांजरा नदीनं काठाची जी वीस गुंठे माती नेली, त्याची नोंद "पिकाचं नुकसान" अशी झाली की "जमीन खरडून गेली" अशी, ते चावडीत बघून या. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 ची मदत आहे आणि माती भरायला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत. दिवाळीत मी तिथं उभी होते. पायाखाली नुसता मुरूम आणि दगडगोटे. तुमच्या वडिलांनी गाळ टाकून केलेलं ते रान, तुम्ही त्याच्याकडं पाठ करून बोलत होतात.

आई सांगत होती, खरिपाचा विमा भरला नाही हे तुम्ही मनाला लावून घेतलंय. एक रुपयाचा विमा यंदा बंद झाला, विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आला, त्यात पेरणीची ओढाताण. दादा, स्वतःला दोष देऊ नका. मागच्या वर्षी सप्टेंबरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही फोटो पाठवले आणि मी 72 तासांच्या आत तक्रार टाकली होती. यंदाच्या विम्यात ती सोयच नाही. आता महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या गावांचा गट, धरून ठरतं; तिथल्या काही रानांत पीक कापून मोजतात, तो पीक कापणी प्रयोग. सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिच्या 70 टक्क्यांखाली मंडळाचं उत्पादन आलं तरच भरपाई. काठाचं रान वाहून गेलं आणि माळावरचं पीक तरलं, तरी दोघांना एकच माप. हे मला अजिबात पटत नाही. ज्याच्या रानात कंबरेएवढं पाणी होतं, त्याच्या बांधावर कुणीतरी यायलाच हवं.

तरीही हरभऱ्याचा विमा भरा, असं मी म्हणते. हप्ता दीड टक्का, बाकीचा केंद्र आणि राज्य सरकार भरतं. अवकाळी पाऊस आला तर बहुतेक सगळ्या मंडळालाच झोडपतो, तेव्हा या मापातसुद्धा आपण बसू. मुदत 15 डिसेंबरपर्यंत आहे. पैसे मी खात्यावर टाकलेत. विम्यात हरभरा आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर लावायच्या पिकाच्या नोंदीत, दुसरंच काही, असं होऊ देऊ नका. पाहणी रानात उभं राहूनच करा, फोटो तिथलाच लागतो.

आई, बुधवारी आधार आणि पासबुक त्याच पिशवीतून ने. पुराच्या रात्री तू ती ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली होतीस, म्हणून तर कागद कोरडे राहिले.

तुमची,
ताई