रेंजवरच्या आर्मरर काकांस, हवेच्या हिशेबाबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पीसीपी रायफलीत (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलीत) हवा भरली जात नाही म्हटलं की बहुतेकांचा हात आधी ॲलन कीकडे जातो. तुम्ही तो हात अडवलात, म्हणून हे पत्र. "खोलायचं मागाहून बघू, आधी हवा कुठून जातेय ते सांगा," हा तुमचा प्रश्न आता पंपापाशी उभा राहणारा जो तो स्वतःलाच विचारतो, आणि बऱ्याच रायफली न खोलताच मार्गी लागतात.

सगळ्यात जास्त आभार पूर्ण रिकाम्या रायफलीच्या बाबतीत. पंप मारावा तेवढी हवा बॅरलमधून बाहेर, आणि पहिला संशय सीलवर. फायरिंग व्हॉल्व्हला, म्हणजे शॉटसाठी हवा सोडणाऱ्या झडपेला, जागेवर दाबून धरते ती मुख्यतः आतली हवाच, त्याची स्वतःची स्प्रिंग अगदी हलकी असते, हे तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. दाब शून्यावर आला आणि रायफल कॉक केलेली नसली, म्हणजे हॅमर मागे ओढून अडकवलेला नसला, की हा हॅमर (व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणारा भाग) आपल्या स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. म्हणून मॅगझिन काढायचं, बॅरलमध्ये पेलेट नाही याची खात्री करायची, तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं आणि रायफल कॉक करून मगच भरायला घ्यायची. हातपंप असेल तर पहिले काही स्ट्रोक झपाझप, गेजची सुई उठली की नेहमीच्या लयीत. भरून झाल्यावर रायफल कॉक केलेलीच आहे हे विसरायचं नाही, हेही तुम्ही दर वेळी बजावता. एवढं करूनही बॅरलमधून सूं आवाज येत राहिला, तर व्हॉल्व्हच्या सीटवर (तो टेकतो त्या जागेवर) कचरा आहे किंवा सील खरंच गेलंय. तेव्हा खुशाल खोला.

पंपाचं गेज वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. ते पाइपातला दाब दाखवतं, रायफलीतला नव्हे. पाइपात जागा ती केवढीशी! त्यामुळे रायफलीत 120 बार उरले असतील तर सुई थोड्याच स्ट्रोकमध्ये 120 च्या आसपास जाते, तिथे भरायची झडप उघडते आणि मग सुई सावकाश चढू लागते. ती जिथे मंदावते तोच रायफलीतला खरा दाब. कुठेच न मंदावता सुई थेट 200 वर गेली, तर हवा आत जातच नाहीये. प्रोब (पाइपाच्या टोकाची, रायफलीत घालायची नळी) पुरता आत बसलेला नाही, दुसऱ्याच मॉडेलचा प्रोब लावलाय, किंवा झडप चिकटलीय. अशा वेळी आणखी जोर लावण्यात काही अर्थ नाही, आणि तो धोकाही आहे.

भरून झाल्यावर पाइपातली हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूचं तर आता सगळ्यांना पाठ झालंय. उघडल्यावर एकदाच 'फट्' होऊन शांत झालं तर ठीक. फुसफुस चालूच राहिली आणि रायफलीचं गेज उतरू लागलं, तर एकमार्गी झडप बसलेली नाही. स्क्रू लगेच बंद, पुन्हा पंप मारून दाब होता तिथवर आणायचा, आणि या वेळी स्क्रू झटकन उघडायचा. दोन्ही बाजूंच्या दाबात एकदम फरक पडला की झडप ताडकन बसते. हळूहळू उघडलं तर कधीकधी ती अर्धवटच राहते. प्रत्येक वेळी असंच होत असेल तर झडपेच्या ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कडीला) चीर गेलीय किंवा खाली कण अडकलाय. आणि प्रोब ओढून निघत नसेल तर पाइपात अजून दाब आहे, पक्कड आणायची नाही.

प्रोबच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक ओ-रिंग असते. तिला कापतो तो रायफलीतल्या भोकाचा धारदार काठ, म्हणून प्रोब सरळ आणि किंचित फिरवत आत घालायचा. 70 शोअरच्या (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंगा इथे फार दिवस टिकत नाहीत, 90 शोअरच्या लावा, हा तुमचा सल्ला लागू पडला. वर सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट. मशीन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे अजिबात नको, कारण दाबाखाली तापलेल्या हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते. प्राणवायूचा सिलिंडर तर रायफलीच्या जवळपासही आणू नये.

हातपंपाचा दांडा खाली दाबून सोडल्यावर आपोआप वर येऊ लागला तर दोष पंपाच्या तळातल्या झडपेत. दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली जातो आणि सुई हलत नाही, तर आधी ब्लीड स्क्रू बंद आहे का ते बघायचं, पिस्टनच्या ओ-रिंगचा नंबर त्यानंतर. पंपाचा खालचा भाग चटका देऊ लागला की थांबायचं. आणि पाणी! रायफलीच्या 200 सीसीच्या हवेच्या नळकांड्यात 200 बार म्हणजे बाहेरची 40 लिटर हवा. 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत तेवढ्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. बरंचसं पंपातच थेंब होऊन राहतं, म्हणून मधूनमधून ब्लीड करणं आणि फिल्टरमधले ओल शोषणारे दाणे बदलणं टाळू नये.

पंपाऐवजी सिलिंडरने भरणाऱ्यांची एक तक्रार तुम्ही आकडेमोडीने मिटवलीत. "रात्री 200 होतं, सकाळी 190, लीक आहे." घाईने भरलेली हवा तापते. ती 40 अंशांवरून 25 वर आली की 200 चे 190 होतातच. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, निवल्यावर वाचा आणि त्यानंतर 24 तासांनी पुन्हा वाचा, मगच लीक म्हणा. दुसरा हिशेब 7 लिटरच्या सिलिंडरचा: याच नळकांड्यात 100 वरून 200 बार भरायला 20 बार-लिटर लागतात, म्हणजे सिलिंडर दर वेळी सुमारे 3 बारने उतरतो. 300 चा 200 होईपर्यंत साधारण 35 वेळा पूर्ण भरता येतं. त्याखाली रायफल 200 ला पोचणारच नाही. त्यात बिघाड काही नाही.

खरं लीक शोधायचं साबणाच्या पाण्याने: भरायचं तोंड, गेजचे आटे, नळकांड्याचा जोड, आणि रेग्युलेटर (व्हॉल्व्हला सारखाच दाब पुरवणारा भाग) असेल तर त्याचं बारीक श्वासछिद्र. तिथे बुडबुडे आले तर रेग्युलेटरच्या ओ-रिंगा गेल्या. तो खोलण्याआधी सगळी हवा काढलीच पाहिजे, यावर तुम्ही जितके कडक राहता तितकंच राहायला हवं. दाबाखालचा आटा एक फेराही सैल करायचा नाही.

जास्त भरलं म्हणजे जास्त जोर, हा समजही तुम्ही काढलात. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की हॅमरला व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही आणि सुरुवातीचे शॉट उलट मंद पडतात. शिवाय नळकांड्यावर कोरलेली मर्यादा काही शोभेसाठी नसते.

प्रोबच्या 90 शोअरच्या रिंगा संपत आल्यात. पुढच्या वेळी याल तेव्हा नेहमीच्या मापाच्या थोड्या जास्तच आणा, आणि जुन्या पंपाच्या तळातली झडपही एकदा बघून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रेंजवरची मंडळी