तीन वर्षांत स्क्रू विरत नाही: विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात पॉलिमरवर, म्हणजे छोटे रेणू साखळीसारखे जोडून बनलेल्या पदार्थांवर, काम करते. हाड जोडायला घातलेला स्क्रू काम झाल्यावर शरीरातच विरून जावा, तो काढण्यासाठी एखाद्या लेकराला पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी आमची धडपड असते.

आमच्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे एकसारख्या कोमट पाण्याच्या टाकीत, शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, छोट्या बाटल्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांचा, एक स्क्रू. ठेवला तेव्हा काचेसारखा आरपार दिसत होता. पुढे दुधी पडला. दीड वर्षाने चिमट्यात धरला, तर कड तुटून हातात आली. आता खरं बघायचं होतं, तर प्रकल्पाची तीन वर्षांची मुदत संपत आली.

टाक्यांच्या विरघळणाऱ्या धाग्यात ग्लायकोलिक आम्ल जास्त असतं, म्हणून तो दोन-अडीच महिन्यांत जातो. लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांना पाणी लवकर शिवत नाही. हाडाला कित्येक महिने आधार लागतो, म्हणून आम्ही त्याच निवडतो. पण त्या पूर्ण जायला दोन वर्षांहून जास्त, कधी पाचही लागतात. सुटलेलं आम्ल शरीराला परकं नाही. धावल्यावर आपल्या स्नायूंतही तेच तयार होतं. भीती वाटते ती शेवटी उरणाऱ्या बारीक, कडक तुकड्यांची. नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडाला अशा पट्ट्या बसवलेल्या रुग्णांना सुमारे तीन वर्षांनी तिथेच सूज आली होती. अ‍ॅबॉट कंपनीच्या, याच पॉलिमरच्या विरघळणाऱ्या स्टेंटला (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीला) अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली आणि २०१७ साली त्याची विक्री थांबली. त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसला, आणि तो पहिलं वर्ष उलटल्यावरही दिसत राहिला.

महोदय, २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाचं आम्ही मनापासून स्वागत केलं. पण तीन वर्षांच्या अनुदानात आम्ही पॉलिमर बनवतो, शोधनिबंध छापतो आणि तो शरीरातून जाताना काय करतो हे बघायच्या आधीच दिवे मालवतो. हे मला पटत नाही. रुग्णाच्या हाडात तो स्क्रू चौथ्या वर्षीही असणार आहे.

म्हणून विनंती एकच. शरीरात विरणाऱ्या साहित्याच्या प्रकल्पांना पॉलिमर पूर्ण जाईपर्यंत मुदत द्या. नंतरच्या वर्षांना फार पैसा लागत नाही: एका तंत्रज्ञाचा पगार, वीज, ठरावीक महिन्यांनी मोजमाप. आमच्या अकरा बाटल्या अजून चालू आहेत. मार्चनंतर त्यांचं काय करायचं, ते कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक पॉलिमर संशोधक