मामाकडून भाच्याकडे

प्रिय दोस्त बंड्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताईचं एवढंसं पोर पडतं, ओठ फाटतो आणि दोन दिवस रक्त झिरपत राहतं, हे वाचून पोटात गोळा आला. हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, निदान झालं हे त्यातल्या त्यात बरं, आता निदान कशाशी गाठ आहे ते तरी कळलं. पण ताईच्या सासरचं ते वाक्य, 'आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं', वाचून डोकंच फिरलं. नसणारच! हा आजार बापाकडून मुलाकडे जातच नाही.

बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टर आठचं जनुक एक्सवर असतं. ताईच्या एका एक्सवर ते बिघडलेलं आहे, दुसरा वेळ मारून नेतो. पोराकडे दुसरा नाहीच. बापाकडून त्याला वाय मिळाला.

डॉक्टरांनी माहेरची चौकशी केली तेव्हा तुझ्या मामांचं निघालं, म्हणतोस. त्यांची ती लंगडी चाल मला आठवते. गुडघ्यात वात आहे म्हणायचे सगळे. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरलं की गुडघा तसाच आखडतो. तुझे मामा आणि तुझा भाचा, मधे दोन धडधाकट बायका: तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, आणि ताई. काकू स्वतःला दोष देत बसल्या असतील तर त्यांना सांग, कुठला एक्स पुढे जायचा हे कोणाच्या हातात नसतं.

माझंच बघ ना. चौथीत मी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती. मग आईने खडूंवर कागद चिकटवून रंगांची नावं लिहून दिली. तिला सवय होती, तिच्या वडिलांचे मोजेही तीच जोडीने लावून ठेवायची. त्यांचं रंगांधत्व तिच्यामार्फत माझ्याकडे आलं. माझी मुलगी वाहक आहे, म्हणजे तिच्या एका एक्सवर हा बिघाड आहे, त्यासाठी तपासणीही नको; माझ्याकडे द्यायला एकच एक्स होता. मुलगा मात्र साफ सुटला.

राणी व्हिक्टोरियाच्या घरातही हेच. तिचा मुलगा लिओपोल्ड हिमोफिलियाचा, 1884 साली पडल्याचं निमित्त होऊन गेला. त्याच्या बहिणीचा, अ‍ॅलिसचा, लहानगा मुलगा 1873 मध्येच खिडकीतून पडून दगावला होता. लिओपोल्डच्या मुलाला काही झालं नाही, पण मुलीच्या मुलाला झालं. (त्यांचा बिघाड फॅक्टर नऊचा होता, हे 2009 मध्ये हाडांतल्या डीएनएवरून कळलं. वाट तीच.)

आता तुझं. तुला काही नाही, म्हणजे काकूंचा चांगला एक्स तुझ्या वाट्याला आला. तुझ्या होणाऱ्या बाळाला हे तुझ्याकडून येणार नाही. रात्रीची झोप घालवू नकोस. धाकटीचं तसं नाही. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी, तिची तपासणी लग्नाआधी की नंतर हे तिला ठरवू दे, पण होऊ दे. ताईला दुसरा मुलगा झाला तर त्यालाही शक्यता पुन्हा निम्मीच. एकाला झालं म्हणून दुसरा सुटत नाही. शिवाय वाहक बाईलाही कधी कधी जास्त रक्तस्राव होतो, म्हणून ताईची स्वतःची फॅक्टरची पातळी बघून घ्या, विशेषतः कुठली शस्त्रक्रिया करायच्या आधी. आणि पोराला ताप आला म्हणून कोणी अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, बहुतेक लक्षातच आली नसेल. मामांच्या मुली. तुझे मामेभाऊ सुटले, पण दोघी मामेबहिणी नक्की वाहक आहेत. थोरलीला दिवस गेलेत असं तूच मागच्या खेपेला म्हणाला होतास. तिला आजच फोन कर. कसं सांगायचं सुचत नसेल तर मलाही फोनवर घे, आपण दोघं मिळून सांगू.

तुझाच,
रंगांधळा दोस्त