डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या आठवड्यात दरवर्षी साडेचार तासांची आठवण करून दिली जाते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तेवढ्या वेळातच देता येतं. हे छापायलाच हवं. पण वाचलेला माणूस आठ-दहा दिवसांत घरी येतो आणि पुढे कित्येक वर्षं जगतो. त्या वर्षांचं काय? गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, शहरात 'पॅरालिसिसचा अटॅक'. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली ओळ मात्र एकच असते, 'फिजिओथेरपी चालू ठेवणे'. कुठे, कुणाकडून, किती महिने आणि पुन्हा दाखवायचं कधी, याचा पत्ता नसतो.

खांद्यापासून बघा. लकवा मारलेल्या बाजूचे खांद्याचे स्नायू सैल पडतात आणि लोंबणाऱ्या हाताच्या वजनाने सांधा खोबणीतून खाली सरकतो. त्यात घरचे उठवताना नेमका तोच हात धरून ओढतात, नाहीतर काखेत हात घालून उचलतात. काही आठवड्यांत खांदा इतका दुखू लागतो की माणूस व्यायामाचं नाव काढू देत नाही. मग कुणीतरी दाराला अडकवायची दोरी-कप्पी आणून देतं. चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात डोक्यावर न्यायचा. लकव्याच्या खांद्याला ही कप्पी वर्ज्य, तरी ती सर्रास विकली जाते. खरी गरज साध्या गोष्टींची असते. बसल्यावर हात उशीवर टेकवलेला हवा, झोपल्यावर खांद्याखाली चादरीची घडी हवी आणि उठवताना हाताऐवजी कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरायला हवा.

दुसरी घरोघरी दिसणारी वस्तू म्हणजे स्पंजचा चेंडू. सैल हात काही आठवड्यांनी कडक होऊ लागतो, बोटं मिटतात. चेंडू दाबत बसलं की मिटणाऱ्याच स्नायूंना जोर मिळतो; शिकवायचं असतं ते उघडणं. वर्षभराने अशी मूठ पाहिली तर नखं तळव्यात रुतलेली, आत घाम आणि मळ, वास येतो आणि हात लावला की माणूस ओरडतो. ही मूठ बोटं ओढून उघडायची नसते. हात कोमट पाण्यात धरावा, मनगट हळूच तळव्याच्या दिशेने वाकवावं, म्हणजे बोटं आपोआप सैलावतात. मग आधी अंगठा त्याच्या बुडाशी धरून बाहेर काढायचा, त्यानंतर बोटं, आणि ती उघडी ठेवून मनगट सावकाश सरळ. तळवा धुऊन कोरडा करायचा, नखं कापायची, स्प्लिंट (बोटं उघडी ठेवणारा आधार) बांधायची. मोठ्या शहरांत यासाठी कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. त्या महिन्यांत रोज स्नायू ताणण्याचा व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात.

गिळण्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. घास चालतो पण पाण्याने ठसका लागतो, याचं घरच्यांना नवल वाटतं. पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतो आणि श्वासनलिका झाकायला दुबळ्या स्नायूंना वेळ मिळत नाही, म्हणून पाणी, चहा आणि पातळ ताक सगळ्यांत अवघड. पेज किंवा दाट वरण त्यामानाने सोपं. काहींना तर ठसकाही लागत नाही. घोट घेतल्यावर 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, गुरगुरल्यासारखा आला तर पाणी चुकीच्या वाटेला गेलंय असं धरा. वारंवार येणारा ताप आणि छातीतला कफ यांचं मूळ बहुधा इथेच सापडतं. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने भरवावं. मान मागे टाकून तोंडात पाणी ओतणं तेवढं कटाक्षाने टाळावं. जेवण झाल्यावर कमजोर बाजूच्या गालात घास साठलाय का ते पाहावं आणि अर्धा तास आडवं करू नये. नाकातून नळी असेल तर दर वेळी भरवण्याआधी नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे ना ते बघायचं. ती सरकली असेल तर भरवायचं नाही. उशाकडची बाजू उंच करून सुमारे २०० मिली अन्न पंधरा-वीस मिनिटांत, शेवटी ३० मिली पाणी. ही नळी कधी निघणार, हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशीच विचारावा, कारण पुढे विचारायला कुणी नसतं. गिळणं सुधारल्यावरही केवळ तपासणी झाली नाही म्हणून महिनोन् महिने नळी घालून बसलेली माणसं आहेत.

आता ताटाकडे या. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींना डोळे शाबूत असून डावी बाजू जाणवतच नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर आणि लोणचं डावीकडे. माणूस भाजी-आमटी संपवतो आणि डावीकडचं सगळं तसंच राहतं. घरात म्हणतात, 'अण्णांना हल्ली चटणी नको वाटते.' ताट अर्धं फिरवा, अण्णा चटणी खातील. हाच माणूस डावीकडच्या चौकटीला आपटतो, शर्टाची डावी बाही घालायची विसरतो आणि रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी दुचाकी त्याला दिसत नाही. याला हट्ट किंवा म्हातारचळ समजून रागावणाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? ताट फिरवून बघायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वाचेचंही तसंच. मेंदूच्या डाव्या भागात आघात झाला की कित्येकांची भाषा जाते, समज मात्र पुष्कळदा बरीच टिकून असते. आरती सुरात म्हणता येते, एक ते दहा आकडे येतात, पण 'पाणी' हा शब्द काही केल्या निघत नाही. लोक म्हणतात, नाटक करतोय. एका वेळी एकच प्रश्न, तोही 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा, समोर वस्तू किंवा चित्र, आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबणं, एवढ्यानेही घरातली चिडचिड बरीच कमी होते. वाचोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. व्हिडिओ कॉलवर हे काम चांगलं होतं, पण शेजारी बसून मोबाइल धरणारं माणूस लागतं.

मनाचं दुखणं तर शेवटच्या रांगेत. साधारण तिघांतल्या एकाला पक्षाघातानंतर नैराश्य येतं. ते औषधाने सुधारतं, तरी विचारलं जात नाही. क्षुल्लक गोष्टीवर एकदम रडू किंवा हसू फुटणं हा वेगळा प्रकार. तो मेंदूच्या इजेमुळे होतो, त्यावरही औषध आहे. आणि सांभाळणारी बायको किंवा सून? तिची कंबर, तिची झोप, तिचा बुडालेला रोजगार यांची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

गोळ्यांबद्दल एवढंच: बीपी नॉर्मल आला तो गोळीमुळे, म्हणून गोळी बंद करू नये. रक्त पातळ करणारी गोळी गुठळीच्या पक्षाघातात देतात. मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात झालेल्याने शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ती सुरू केली तर जिवावर बेतेल. आपला पक्षाघात कुठल्या प्रकारचा, हे कार्डावर मराठीत ठळक लिहिलेलं असावं.

आता पैशांकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल असेपर्यंत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची एका भेटीची फी ४०० रुपये धरली, तरी महिन्याच्या वीस भेटींचे ८,००० होतात. मजुराच्या घरी दुसऱ्या महिन्यातच व्यायाम बंद पडतो. कमोडची खुर्ची, भिंतीला दांडी, चार पायांची काठी यांसाठी ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी आहे, पण त्याला प्रमाणपत्र लागतं. आणि पक्षाघातात कायमचं अपंगत्व किती, हे ठरवायला सहसा सहा महिने थांबवतात. म्हणजे खुर्चीची गरज पहिल्या आठवड्यात आणि कागद सातव्या महिन्यात! निदान या वस्तू डिस्चार्ज कार्ड दाखवल्यावर वापरायला द्यायची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी. गरज संपली की परत घ्याव्यात. आणखी एक. चालता येतं पण बोलता येत नाही, अशांचे घरचे प्रमाणपत्राला अर्जच करत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजाराने गेलेली वाचा हे स्वतंत्र दिव्यांगत्व धरलेलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. घरात दिवसभर राबणाऱ्या सुनेला त्याची कुणी कल्पना दिलेली असते का?

'घरच्यांना शिकवून सोडा, तेच करतील', असा यावर एक सोपा उपाय सुचवला जातो. तो आपल्याच देशात तपासून झाला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर झालेला 'अटेंड' हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्यांना पुनर्वसनाचं शिक्षण दिलेल्या गटात सहा महिन्यांनंतरचे मृत्यू आणि परावलंबन कमी झालं नाही. घरचे कमी पडले, असा याचा अर्थ लावू नये. शिकवायला तर हवंच, पण त्यानंतर पुन्हा येऊन चूक दुरुस्त करणारं प्रशिक्षित माणूसही हवं.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. रुग्ण सुटला की कार्डाची प्रत त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी. आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगरसाठी घरोघर जातातच. पक्षाघाताच्या घरी त्यांनी सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा ठरावीक प्रश्न विचारावेत. अकरा प्रश्नांची अशी यादी जगात वापरात आहे: गोळ्या, रोजची कामं, चालणं, कडकपणा, दुखणं, लघवी-शौचावरचा ताबा, बोलणं, मन, स्मरण, छंद-कामधंदा आणि घरातले संबंध. गिळण्याचा प्रश्न त्यात नाही, आपण बारावा म्हणून घालावा. उत्तर 'अडचण आहे' असं आलं की कुठे पाठवायचं, तेही यादीतच छापावं. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ आणि प्रमाणपत्र देणारे डॉक्टर एकत्र बसतील असा ठेवावा. एका रिक्षाभाड्यात तिन्ही कामं होतील.

तूर्त एवढं तरी व्हावं, की 'फिजिओथेरपी चालू ठेवणे' ही ओळ खोडून तिथे छापावं: 'पुढील तपासणी दिनांक ____, ठिकाण ____, फोन ____. सोबत आणा: सर्व गोळ्यांची पाकिटं, बीपीची वही, आणि रोज सांभाळणारी व्यक्ती.'

आपले,
पक्षाघाताच्या रुग्णांकडे घरभेटी देणारे काही फिजिओथेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ व परिचारिका
जि. सातारा