‘एका दिवसात पाच गावं’ कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीच्या चिंक्वे तेर्रेवरचा (समुद्रकाठची पाच गावं : रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निलिया, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो) लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, पण सोबतच्या ‘एका दिवसात पाचही गावं’ या वेळापत्रकाबद्दल लिहिल्यावाचून राहवेना. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी नेमकं हेच केलं. मुलाने एक्सेलमध्ये मिनिटांचा हिशोब मांडून दिला होता. पाचव्या गावात सौ. स्टेशनच्या बाकावर बसली, ती परतीची गाडी येईपर्यंत उठली नाही.

हिशोब साधा आहे. फ्लोरेन्सहून ला स्पेझियाला (या गावांच्या गाड्या जिथून धरायच्या ते जवळचं शहर) रेल्वेने साधारण अडीच तास लागतात, म्हणजे जाण्यायेण्यातच पाच तास गेले. गावागावांतलं अंतर गाडीने चार-पाच मिनिटांचं, पण गाडीची वाट बघणं आणि फलाटावरची रेटारेटी त्याच्या कितीतरी पट. शिवाय गाडी बहुतेक बोगद्यातूनच धावते. खिडकीतून समुद्र बघू म्हणाल तर तो दिसेदिसेपर्यंत पुन्हा अंधार!

कोर्निलिया हे मधलं गाव कड्यावर वसलेलं आणि स्टेशन खाली. वर जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. आम्ही धापा टाकत चढलो. स्टेशनपासून गावात बस जाते आणि ती आमच्या खिशातल्या रेल्वेच्या कार्डावरच चालते, हे वर पोचल्यावर कळलं. आपल्या लेखातही तिचा उल्लेख नाही.

मग एक दिवस मध्ये जाऊ दिला, ला स्पेझियालाच मुक्काम टाकला आणि पुन्हा गेलो. या खेपेला एक्सेल घरी. रिओमाज्जोरेहून मानारोलाला ‘प्रेमाची वाट’ म्हणतात त्या रस्त्याने चालत गेलो. किलोमीटरभराचीही नाही, सपाट आहे, आमच्या गुडघ्यांनाही झेपली. २०१२ साली दरड कोसळून ती बंद झाली होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, वेगळे पैसे पडतात, आणि रिओमाज्जोरेकडूनच शिरता येतं. पुढे बोटीने वेर्नात्सा. गावं एकावर एक रचल्यासारखी कशी दिसतात, ते बोटीतूनच कळतं. बोट कोर्निलियाला थांबत नाही, तिथे बंदरच नाही. आणि समुद्र खवळला की बोटी बंद, मग रेल्वेच खरी.

वेर्नात्साच्या मागच्या डोंगरवाटेवर दहा-पंधरा मिनिटं चढलो. सगळा उतार द्राक्षांच्या पायऱ्यांनी बांधलेला. त्या पायऱ्यांना धरणाऱ्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातले गडगेच. ना चुना, ना सिमेंट, दगडावर दगड. एक म्हातारा ढासळलेला भाग रचत होता. मोठा दगड बसवायचा, हलवून बघायचा, मग फटीत बोटाएवढी कपची ठोकायची. माझ्या लहानपणी आजोबा जांभ्याच्या चिऱ्यांत असंच करायचे. आम्ही बराच वेळ उभे राहिलो. त्याने एकदाही मान वर केली नाही. युनेस्कोने १९९७ मध्ये या किनाऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो रंगीत घरांइतकाच या भिंतींसाठी. शेती सुटली की भिंती ढासळतात आणि डोंगर खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्साची मुख्य गल्ली चिखल-दगडांनी भरून गेली होती. आज तिथे आइस्क्रीमसाठी रांग असते.

जेवणाबद्दल लेखात फक्त मासे आहेत. मोंतेरोस्सोच्या अँचोव्हीचं कौतुक रास्तच आहे. पण शाकाहारी मंडळींनी ‘फारिनाता’ मागावं : बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. आपल्या धिरड्याचं जाडजूड भावंड. पेस्तोत (तिथली तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी) मात्र चीज असतं आणि ते बहुधा वासराच्या जठरातल्या विरजणाने केलेलं, हे कडक शाकाहाऱ्यांना आधी सांगायला हवं.

पुढच्या अंकात वेळापत्रक दुरुस्त करून छापलंत तर बरं होईल. तेवढी जागा नसेल तर निदान कोर्निलियाच्या स्टेशनवरून बस मिळते, एवढी एक ओळ तरी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी